साडेबारा हिमोग्लोबिन

सर,

एक रिपोर्ट तुम्हाला दाखवायचा राहिला आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं होत आली आणि रिपोर्ट याच वर्षीचा आहे, तरी दाखवायचा तर तुम्हालाच. हिमोग्लोबिन साडेबारा. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं जागच्या जागी. नळीवरचं नाव बरोबर होतं, मशीन बरोबर होती, रक्त काढणारा हात माझाच होता आणि तोही चुकला नव्हता. आकडा खरा होता. तरीही तो रिपोर्ट चुकीचा होता आणि तो मी पाठवला. कुठे चुकला हे मला अर्धंच कळलं आहे. उरलेल्या अर्ध्याशी मी तीन महिने झगडते आहे. आज सकाळचे नमुने लवकर आटोपले, लॅबमधल्या दोन्ही पोरी जेवायला गेल्या, म्हणून कागद घेऊन बसले.

तुमच्याकडे मी बाळापूरहून रोज एस.टी.नं यायचे, ते दिवस आठवतात. पूल ओलांडून अकोल्याच्या जुन्या शहरात शिरलं की डाव्या हाताला किराणा दुकान आणि त्याच्यावर आपली लॅब. जिना इतका उभा की वर येईपर्यंत म्हाताऱ्या पेशंटची नाडी वाढायची, आणि तुम्ही म्हणायचे, बसू दे त्यायले दहा मिनिटं, मग टोच. बाहेर एक लांब बाक, आत सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्याही मागे काकूंचं स्वयंपाकघर. फोडणीचा वास आणि स्पिरिटचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. मी बावीस वर्षांची, डिप्लोमा नुकताच झालेला. वडील नदीकाठच्या शेतात वांगी आणि झेंडू करायचे. शिकलेली घरात मी एकटी, त्यामुळे मला सगळं येतं असं मला वाटायचं. आपला रिपोर्टचा कागद छापील होता. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये आकडा लिहायला जागा, उजवीकडे नॉर्मल किती ते. हिमोग्लोबिनच्या ओळीत दोन रकाने. पुरुष, तेरा ते सतरा. स्त्री, बारा ते पंधरा. जो लागू नाही तो तुम्ही पेनानं खोडायचे. मला ते खोडणं फार आवडायचं, कारण तेवढंच काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं.

त्या दिवशी बाक भरलेला आहे. जिन्यावर बांगड्या वाजतात आणि एक उंच, धिप्पाड बाई वर येते. तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी. साठीच्या पुढची असावी. अंगावर हिरव्या काठाची साधी साडी, कपाळाला मोठं कुंकू, आणि दम लागलेला. ती आल्याबरोबर बाकावरची दोन माणसं उठून खिडकीपाशी गेली. तेव्हा अशा माणसाला आम्ही जे म्हणायचो ते आता माझ्यानं लिहवत नाही. आता तृतीयपंथी म्हणतात, किन्नर म्हणतात. मी टेबलावरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पुरुष लिहू की बाई लिहू?" बाकावर हशा पिकला. मीही हसले असेन. त्या बाईनं चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "जो तुमको दिखता है वो लिखो, बेटी," एवढंच म्हणाली.

तुम्ही पडदा सारून बाहेर आले. "बाई, आत या," म्हणाले, पडद्याआड तिला हळू विचारून घेतलं आणि तिचं रक्त स्वतः काढलं. ती गेल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावलं. काकू परातीत भाकर थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

"तुले लाज नाही वाटली, पोरी?"

"सर, फॉर्मवर रकाने दोनच आहेत. विचारावं तर लागेलच ना."

"रकाने दोनच हायेत हे मालूम हाये मले. पण तू इचारलं कोनाले? त्या बाईले इचारलं, का बाकावरच्या लोकायले इचारलं?"

काकूंनी मला पाणी दिलं. संध्याकाळी तिचा आकडा आला, बारा पॉइंट तीन. कागद माझ्यासमोर होता आणि पेन हातात. कोणता रकाना खोडायचा? पुरुषाचा ठेवला तर कमी, बाईचा ठेवला तर नॉर्मल. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कागद ओढून घेतला, पुरुषाच्या रकान्यावर रेघ मारली आणि सही केली. मी धीर करून विचारलं, "सर, पण खरं कोणतं?" तुम्ही सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाले, "पुस्तकात नाही. मले मालूम नाही. बाईनं बाई सांगतलं, मी बाई लिहिलं." दुसऱ्या दिवशी ती रिपोर्ट घ्यायला आली, तेव्हा तिनं कागद उघडून कोणाकडून तरी वाचून घेतला, कुठे काय लिहिलंय ते बोटानं दाखवून घेतलं आणि तो कपाळाला लावला. हातात आलेला रिपोर्ट कपाळाला लावणारा पेशंट मी त्याच्या आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

त्या दिवसापासून मी एक धडा घेतला की माणूस स्वतःला जे सांगेल ते लिहायचं, आणि विचारायचं ते त्यालाच, हळू. लग्न होऊन अमरावतीला आले, तेव्हा तुम्ही मला हिमोग्लोबिन बघायची तुमची जुनी काचेची पेटी दिली. दोन बाजूंना तपकिरी काचा, मध्ये नळी. नळीतल्या रक्तात थेंब थेंब पाणी घालत जायचं आणि रंग दोन्ही काचांशी जुळला की थांबायचं. "लाइट गेली त कामी येईन," म्हणाले. लाइट पुष्कळदा गेली, पण तोवर इन्व्हर्टर आले. पेटी कधी वापरली नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरींना मी ती दाखवते आणि त्या बाईची गोष्ट सांगते. गोष्टीत मी तुम्हाला नेहमी मोठं करून सांगितलं आणि स्वतःला जरा कमी मूर्ख. तो धडा पुरेसा आहे असं मला पंचवीस वर्षं वाटत आलं.

मग अडीच वर्षांपूर्वी माझ्या लॅबमध्ये तो आला. वय पंचवीसच्या आसपास, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवतो, गाव आमचंच, बाळापूर. त्याची आई तिथे बाजारात फुलं विकते. हातात नागपूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांचा कागद होता. कागदावर बाईचं नाव होतं आणि समोर आखूड केसांचं, बाह्या दुमडलेलं, खाली मान घातलेलं माणूस. मी पडद्याआड नेलं, खुर्ची ओढली आणि हळू विचारलं, "बाबू, काय लिहू?" त्यानं मान वर केली. "पुरुष," म्हणाला आणि हात पुढे केला. सर, त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला. स्वतःचाही वाटला.

त्याच्याकडून मी खूप शिकले. पूर्वी आपल्या भागात ही माणसं कुठून कुठून ऐकून गोळ्या खायची, मेडिकलमधून आणायची, कोणी नको तिथे ऑपरेशन करून घ्यायचं. वाचलं तर वाचलं. आता रीत बदलली आहे. नागपूरच्या डॉक्टर बाईंनी त्याच्याशी आधी चार-पाचदा बोलून घेतलं, एका मानसोपचारवाल्यांशी गाठ घालून दिली, रक्त तपासलं आणि मगच पुरुषाच्या हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी. या इंजेक्शननं हिमोग्लोबिन वाढतं, कधी फार वाढून रक्त दाट होतं, म्हणून लक्ष ठेवायचं असं कागदावर लिहिलेलं होतं. सुरू करण्याआधी त्याचं बारा पॉइंट आठ होतं, मग चौदा झालं, मग पंधरा पॉइंट सहा. आवाज फुटला. हनुवटीवर केस आले, ते तो मुद्दाम मला दाखवायचा. "मावशी, आता त कोनी इचारत नाही," म्हणायचा. मी आकडा वर किती जातो एवढंच बघत होते. तो खाली येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

या वर्षी आम्ही नवीन सॉफ्टवेअर घेतलं. आधार कार्डाचा नंबर टाकला की नाव, वय, लिंग आपोआप येतं. नॉर्मलचे आकडेही त्यावरूनच ठरतात. आता रेघ मारावी लागत नाही. आकडा बाहेर गेला तर ठळक छापला जातो आणि शेजारी चांदणी येते. डॉक्टर लोक आता चांदण्याच बघतात, सर. त्याच्या कार्डावर अजून जुनंच होतं, बदलासाठी अर्ज केलेला. तो सोमवारी सकाळी आला. उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत होती. जरा ओढलेला वाटला. म्हणाला, "मावशी, पायऱ्या चढलो की दम लागते. छाती दिसू नये म्हनून पट्टा आवळतो ना, त्यानं असन." मी म्हटलं, सैल बांधत जा. जांभळ्या बुचाची नळी भरली, नंबर टाकला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्त्री असं आलं. ते बदलायला आमच्या सही करणाऱ्या तरुण डॉक्टरांचा पासवर्ड लागतो. ते चार लॅबच्या सह्या घरी बसून करतात. मी फोन लावला, तो व्यस्त लागला. मागे रांग. मी मनाशी म्हटलं, आकडा तर बदलत नाही, शेजारची ओळ बदलली तर काय बिघडतं? रिपोर्ट गेला. साडेबारा. शेजारी, बारा ते पंधरा. चांदणी नाही.

तुम्ही प्रत्येक पेशंटचा मागचा रिपोर्ट वहीतून काढायला लावायचे. मी तेही केलं नाही. केलं असतं तर हिमोग्लोबिन तीनानं खाली आलेलं दिसलं असतं आणि रकाना कोणताही असता तरी मी दचकले असते.

त्यानं तो रिपोर्ट सुट्टीत गावच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चांदणी शोधली, नव्हती. नॉर्मल आहे, आराम करा, म्हणाले. नागपूरची तारीख दीड महिना लांब होती. तिसऱ्या आठवड्यात तो बाळापूरच्या बसस्टँडवर पडला. अकोल्याला नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. पोटात जखम होती आणि तिच्यातून कित्येक दिवस थोडं थोडं रक्त जात होतं. छाती आवळून बांधल्यानं त्याच्या फासळ्या आणि पाठ दुखायची, म्हणून तो रोज दुखण्याच्या गोळ्या खात होता, कधी उपाशीपोटी. शौचाला काळं होतं हे त्याला दिसत होतं, पण सांगायचं कोणाला? हे सगळं मला नंतर कळलं. तिथे कार्ड बघून त्याला बायकांच्या वॉर्डात टाकलं. दाढी असलेलं माणूस बघून बायका ओरडल्या. पुरुषांच्या वॉर्डात त्यानं जायला नकार दिला, कपडे बदलायला तिथे आडोसा नव्हता. शेवटी खाट व्हरांड्यात लावली, आणि रक्ताच्या पिशव्या त्या व्हरांड्यात चढल्या. त्याची आई आठ दिवस पदर आडवा धरून उभी राहायची. तो वाचला, सर. हे आधी लिहायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी आई माझ्याकडे आली. तो बाहेर बाकावर बसलेला, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. तिनं पदराच्या गाठीतून दोन कागद काढले आणि टेबलावर ठेवले. एक पंधरा पॉइंट सहाचा, एक साडेबाराचा.

"मॅडम, तुमी आमच्या गावच्या, म्हनून आली. मले वाचता येत नाही. तिकडच्या डॉक्टरनं सांगतलं का ह्या दुसऱ्या कागदावर चांदनीची खून असती त तवाच समजलं असतं. आता मले सांगा, हा पह्यला कागद कोनाचा हाये?"

"तुमच्याच मुलाचा."

"आन हा?"

मी दोन्ही कागद जवळ ओढले. दोन्हींवर नाव एकच, वय एकच. पहिल्यावर पुरुष, दुसऱ्यावर स्त्री.

"हा माह्या लेकराचा नाही," ती म्हणाली. "काहून का माह्या लेकराचा असता त त्यात त्याचा जीव चाल्ला हे दिसलं असतं."

मी म्हटलं, "ताई, कॉम्प्युटरनं घेतलं ते. कार्डावरून आपोआप येतं." तिनं मान डोलावली. "हाव, कॉम्प्युटरले काय मालूम," म्हणाली, आणि मलाच समजावल्यासारखं टेबलावरचा माझा हात थोपटला. ती बोलत असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळा वेळ ती लेकरू म्हणत होती. माह्यं लेकरू पडलं, लेकरू जेवत नव्हतं, लेकराले रक्त लावलं. मुलगा नाही, मुलगी नाही. आपल्या भाषेत तिसरं लिंग आहे आणि ते आयांच्या तोंडात असतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तिची सोय झाली. माझी होत नाही, कारण माझ्या मशीनला लेकरू कळत नाही.

ती गेल्यावर मी नागपूरच्या बाईंना फोन केला. त्या वयानं लहान आहेत, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, इंजेक्शन नियमित चालू असेल तर हिमोग्लोबिनला पुरुषाचा रकाना धरा, ते रक्त हार्मोनवर चालतं, कार्डावर नाही. मी पेन घेऊन लिहून घेत होते. म्हटलं, मग सगळ्याच तपासण्यांना पुरुषाचं लावू? "नाही, नाही. प्रत्येक तपासणीचं वेगळं. किडनीच्या आकड्याचं अजून आमच्यातच एकमत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत तर दोन्ही रकाने लागत नाहीत." मी विचारलं, "मग छापू काय?" त्या हसल्या. "मॅडम, मी शिकत होते तेव्हा या माणसांबद्दल पुस्तकात अर्धं पान होतं आणि तेही चुकीचं. आता जे सांगते तेही पाच वर्षांनी बदलेल. तुम्ही मला फोन करत जा."

फोन ठेवता ठेवता मला राहवलं नाही. त्या हिरव्या काठाच्या साडीतल्या बाईबद्दल विचारलं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, बारा पॉइंट तीन, आमच्या सरांनी बाईचा रकाना ठेवला, बरोबर केलं का? त्यांनी विचारलं, "ऑपरेशन झालं होतं का त्यांचं? काही गोळ्या घेत होत्या?" मी म्हटलं, माहीत नाही, सरांनी विचारलं नव्हतं. "मग सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झालं असेल तर अंगात पुरुषाचं हार्मोन राहत नाही, म्हणजे सरांचं बरोबर. नसेल तर त्या बाई आजारी होत्या आणि त्यांना कोणी सांगितलं नाही."

सर, मी खुर्चीवरून उठले आणि उगीचच नळाखाली हात धुतले. म्हणजे तुम्ही जास्त विचारलं नाही तो तुमचा मोठेपणा होता, की विचारायला हवं होतं? तिला दम लागत होता. आपला जिना उभा आहे म्हणून लागला असेल असं आपण धरून चाललो. ती पुन्हा कधी आली नाही. आली नाही म्हणजे बरी झाली असं मी धरलं होतं. मी तुमच्यावर चूक ढकलत नाही. तुम्ही तिला जे दिलं ते दुसऱ्या कोणी दिलं नसतं, हे मी पाहिलं आहे. पण ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं धडा म्हणून सांगत आले, त्या गोष्टीचा शेवट मला माहीतच नव्हता हे त्या दिवशी कळलं. आता पोरींना ती कशी सांगू? थांबले आहे सांगायची.

तरी काहीतरी करायला हवं म्हणून मी नवीन कागद केला. जन्माच्या वेळी काय नोंदवलं, आता स्वतःला काय म्हणता, हार्मोन चालू आहेत का, कोणतं ऑपरेशन झालं आहे का. चार प्रश्न, पडद्याआड विचारायचे, आणि का विचारतो हे आधी सांगायचं. पहिल्याच आठवड्यात एक जण तिसऱ्या प्रश्नाला उठली आणि नमुना न देता निघून गेली. जाताना म्हणाली, "रक्त घेता का जबानी घेता?" मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. यावेळी मी तर हळू विचारलं होतं, बाकावरच्या लोकांना विचारलं नव्हतं, मग हे असं का झालं? त्याच्या नंतर एक एकोणीस वर्षांचं पोर आलं, कॉलेजचं. औषध काही नाही, आणि म्हणालं, मी दोन्ही नाही. मी म्हटलं बरं, आणि रिपोर्टवर दोन्ही रकाने छापले. सही करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, हा रिपोर्ट आहे की प्रश्नपत्रिका?" मी म्हटलं, "डॉक्टर, प्रश्नच आहे." ते चिडले. मग म्हणाले, नागपूरचा नंबर द्या, मी बोलतो. पासवर्ड मात्र आता माझ्याकडे दिला आहे.

गेल्या महिन्यात तो स्वतः आला. मी त्याला आत नेलं, नळी बाजूला ठेवली आणि सांगितलं, "बाबू, तुझ्या आईला मी कॉम्प्युटरनं केलं असं म्हटलं ते अर्धंच खरं होतं. पडद्यावर स्त्री आलेलं मी पाहिलं होतं. गर्दी होती, फोन लागत नव्हता, मी तसंच जाऊ दिलं." तो बाही दुमडू लागला. ओरडेल असं वाटलं. ओरडावं अशी माझी इच्छाही होती.

"मावशी, मी बी तुमाले गोळ्यायचं सांगतलं नव्हतं," तो म्हणाला. "काळं होऊन राहिलं तेही नव्हतं सांगतलं."

"मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही."

"मग कोणाला सांगितलं असतंस?"

त्यानं विचार केला. "मालूम नाही," म्हणाला, आणि हात पुढे केला. पट्टा आता चांगला मिळालाय, मापाचा, नागपूरहून, आणि दिवसाचे काही तास तो बांधत नाही. हिमोग्लोबिन चौदा पॉइंट एक आलं. मी मागचे सगळे रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले, तेरा ते सतरा छापलं, आणि तरी सही व्हायच्या आधी नागपूरला फोन केला. त्याची आई सोबत होती. जाताना तिनं टेबलावर शेवंतीचा पुडा ठेवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान आहे आणि काकूही गेल्या. तुम्ही समोर असता तर जे बोलता आलं नसतं, तेवढं लिहून उठते. गर्दी होती हे खरं, फोन लागत नव्हता हेही खरं. पण त्या सोमवारी पडद्यावर स्त्री उमटलं, तेव्हा ते मला चुकलेलं वाटलं नाही. उलट क्षणभर बरं वाटलं, जसं काही मशीननं माझ्या मनातलं बोलून दाखवलं. अडीच वर्षं मी त्याला बाबू म्हणत होते. तोंड बरोबर बोलत होतं. आणि अजूनही तो दार ढकलून आत येतो तेव्हा माझ्या मनात आधी "आली" असंच येतं. मग मी ते पुसते आणि "आलास का, ये" म्हणते. हे पुसणं त्याला दिसत नसावं. मी त्याला सांगितलेलं नाही. या पत्रातसुद्धा तीन ठिकाणी मी "ती" लिहून खोडलं आहे.